मुकेंबोचं स्वयंपाक सांगणारं यंत्र

मुकेंबोचं यंत्र शनिवारी सकाळी दहाला सुरू होणार, असं मी आमच्या जिंजा गावच्या रेडिओवर तीन दिवस ओरडून सांगत होते. फोन करा, घरात काय आहे ते सांगा, आज काय शिजवायचं ते यंत्र सांगेल! शुक्रवारी दुपारी मुकेंबोने मला ते यंत्र ऐकवलं.

"घरात दूध आणि पाव आहे," मी म्हटलं.

"कांदा चिरा," यंत्र म्हणालं.

"मासे आहेत."

"कांदा चिरा."

"अगं नाबिर्ये, पहिलंवहिलं आहे ते," मुकेंबो कपाळ चोळत म्हणाला. "मला अजून तीन आठवडे दे."

"आणि उद्या अख्खं गाव फोन करेल, त्याचं काय?"

शिवणाच्या दुकानामागच्या ज्या खोलीत हे चाललं होतं, तिथेच मुकेंबोच्या कागोया आत्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तीस वर्षं शाळेत मुलांना वठणीवर आणून आता निवृत्त झालेल्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुझं यंत्र शहाणं होईपर्यंत मीच यंत्र बनते."

दुसरा उपायच नव्हता. शनिवारी आत्या प्लास्टिकच्या बादलीत तोंड घालून बसल्या. नाक चिमटीत, समोर फोन.

पहिला फोन एका म्हाताऱ्याचा. त्याच्याकडे मटोकेची कच्ची केळी होती आणि एक अंडं.

"केळी. उकडा. अंडं. फोडा," आत्या बादलीतून म्हणाल्या. मुकेंबोने आनंदाने माझा हात दाबला. तेवढ्यात दाराशी कोंबडा आरवला.

"यंत्रात कोंबडा आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तो. सुटा. भाग. आहे."

म्हाताऱ्याला पटलं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मोटारसायकलवर सवाऱ्या नेणाऱ्या बालिराइनेचा फोन आला.

"घरात दाण्याचं कूट आहे, सुकी मासळी आहे. बायको नाही."

"बायको. कुठे. गेली?"

"माहेरी. मी तिच्या आमटीला नावं ठेवली."

आत्यांनी नाक सोडलं. "आणि आता तुला आमटीच हवी आहे, होय रे? आधी ती खरकटी भांडी घास!"

मुकेंबोने डोळे मिटून घेतले.

"यंत्राला भांडी कशी दिसली?" बालिराइने कुजबुजला.

"वास. येतो," आत्या पुन्हा नाक दाबून म्हणाल्या. "भांडी झाली की बायकोला घेऊन ये. मग दाण्यात मासळी घाल."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं: यंत्राला वास येतो. रविवारी लोक फोन करण्याआधी ओटा पुसू लागले. एका बाईने तर आधी आंघोळ केल्याचं यंत्राला शपथेवर सांगितलं.

तीन आठवड्यांनी मुकेंबोचं खरं यंत्र तयार झालं. आता ते तऱ्हेतऱ्हेचे दोनशे पदार्थ सांगायचं आणि कुणाची चौकशी करायचं नाही. पहिल्याच दिवशी एकवीस तक्रारी आल्या. "बिघडलंय तुमचं यंत्र," एक आजोबा म्हणाले. "काल मी जेवलो का, तेसुद्धा विचारलं नाही त्याने."

मुकेंबो तोंड पाडून बसला होता, तेव्हा बालिराइने बायकोला घेऊन दारात उभा राहिला. काखेत कोंबडी.

"यंत्राचे आभार मानायचेत. कुठे आहे?"

मुकेंबोने घाईघाईत कोपऱ्यातल्या बंद पडलेल्या फ्रिजकडे बोट दाखवलं. बालिराइनेची बायको मोठ्यांना नमस्कार करायच्या आमच्या रीतीप्रमाणे फ्रिजसमोर गुडघे टेकून म्हणाली, "कशा आहात? घरी सगळे बरे ना?"

पडद्याआडून आत्यांना राहवेना. "बरे आहेत गं बाई! ऊठ, फरशी गार आहे."

बालिराइनेच्या काखेतून कोंबडी सुटली. तो एकदम शाळेतल्यासारखा ताठ झाला, हात पाठीमागे बांधून उभा. "मॅडम?"

आत्या बाहेर आल्या. "होय. शर्ट खोच आत."

बालिराइनेने शर्ट खोचला. मुकेंबोनेही खोचला, का ते त्यालाच ठाऊक. नवराबायको तिथेच हसत सुटले आणि जाताना आत्यांचा घरचा नंबर मागून घेऊन गेले.

सोमवारी मी रेडिओवर खरं काय ते सांगून टाकलं. आम्हाला वाटलं, लोक चिडतील. उलट फोन दुप्पट झाले. आता मुकेंबोचं यंत्र आत्या जेवायला बसल्या की तेवढ्यापुरतं लावतात. लोक त्याला सांभाळून घेतात, "मॅडम कधी येतील?" एवढंच विचारतात आणि ठेवून देतात. मुकेंबो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आत्यांनी त्याला दाण्याच्या रश्श्यातली कोंबडी वाढली, आणि तो तीनदा मागून जेवला.