एका गल्लीच्या दोन नकला

प्रवेश

हायवेच्या अलीकडे एक थीम पार्क आणि पलीकडे दुसरं. दोघांचं सख्य एवढं की एकानं कारंजं उडवलं की दुसरा धबधबा सोडणार. यंदा दोघांनी एकाच आठवड्यात आपापला नवा विभाग उघडला. अलीकडे 'जुनं बंदर', पलीकडे 'हरवलेलं शहर'. जुन्या बंदरात जुनं काही नव्हतं, आणि हरवलेल्या शहराकडे जायला जागोजागी बाण लावले होते.

रंगवाली अलीकडे कामाला होती. नव्या भिंती जुन्या करणं हे तिचं काम. पाणी कुठून ओघळलं असेल, हात कुठे लागत असतील, ऊन कुठल्या बाजूनं खात असेल, याचा अंदाज घेऊन ती एका दुपारीत भिंतीचं वय वाढवायची. तिचा नवरा पलीकडे होता. तो सिमेंटचे दगड करायचा, फरशा, पायऱ्या, उंबरे, कोनाडे. 'बाहेर काही बोलणार नाही' अशी सही दोघांनीही दिली होती. त्यामुळे गेली दोन वर्षं घरात कामाचा विषय बंद होता. जेवताना मिठाबद्दल बोलायचं, जेवण झाल्यावर हवेबद्दल. सासूबाई म्हणायच्या, "तुम्हा दोघांपेक्षा फ्रिज जास्त बोलतो."

या सासूबाईंमुळेच पुढचं सगळं झालं. म्हणजे झालं असतंच, पण त्यांच्यामुळे ते चहाच्या वेळी झालं.

रांग

तुलनाकाका नावाचा एक निवृत्त गृहस्थ पार्कांचे व्हिडिओ टाकायचा. कुठलंही पार्क असो, मथळे ठरलेले: प्रवेश, रांग, भिंती, छतं, खाणं, बसायची सोय आणि शेवटी निकाल. ही गोष्टही त्याच्याच मथळ्यांखाली सांगितलेली बरी. निदान मथळ्यांवरून तरी कोणी भांडलेलं नाही.

"अगं सूनबाई, ये इकडे," सासूबाई मोबाइल लांब धरून म्हणाल्या. "तुझं दाखवतोय. नाही, थांब, याचं दाखवतोय. आता परत तुझं... अगंबाई, हे कुठलं कुणाचं?"

पडद्याचे दोन भाग केले होते. एकात अलीकडच्या नावेच्या राइडची रांग, दुसऱ्यात पलीकडच्या नावेची. दोन्ही रांगा एकेका गल्लीतून जात होत्या, आणि गल्ली एकच होती. वाकडा पाइप तारेनं बांधलेला. रंग संपल्यामुळे अर्धाच हिरवा झालेला दरवाजा. न्हाव्याच्या दुकानाबाहेर खिळ्याला टांगलेला आरसा, त्याचा वरचा कोपरा तडकलेला.

"मंडळी," तुलनाकाका म्हणत होता, "एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलंय. कोणी कोणाचं, ते तुम्ही खाली सांगा."

खाली लोक सांगतच होते.

"ही तर आपली गल्ली," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं लग्न झाल्यावर खोली घेतली होती ती. तिसरा मजला. जिना चढताना माझा जीव जायचा."

रंगवालीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कपात बघत होता. कपातला चहा केव्हाच संपला होता.

भिंती

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे अलीकडच्या पार्कच्या संचालक. आवाज मऊ, खुर्ची त्याहून मऊ.

"तुझे मिस्टर पलीकडे असतात, हे आम्हाला माहीत होतं. तेव्हा आम्ही काही बोललो नाही."

"मी घरी एक अक्षर काढलेलं नाही, मॅडम."

"मी कुठे म्हणतेय तू काढलंस? कागद घरी नेले असशील. टेबलावर राहिले असतील. नवरा आहे, बघणारच. तू फक्त आमच्या वकिलांसमोर एवढंच सांग, की गल्ली आधी तुझी होती. सोमवारपर्यंत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मग तू त्यांचं घेतलंस असं होईल. तिसरं काय असू शकतं, तूच सांग."

तिसरं होतं. पण ते खरं की खोटं, हे तिलाच ठाऊक नव्हतं. मॅडमनी सुरुवातीला सांगितलं होतं, 'पुस्तकातली गल्ली नको, कोणीतरी राहिलेली वाटली पाहिजे.' म्हणून तिनं स्वतः राहिलेली काढली. नवऱ्यालाही कोणी असंच काही सांगितलं असेल? की स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची चित्रं पसरलेली असताना तो पाणी प्यायला उठला, आणि तांब्या जरा जास्तच वेळ तोंडाला लावून उभा राहिला?

नोकरी जाईल याची भीती होतीच. पण तिच्या मनात घोळत होता तो तांब्या.

घरी आल्यावर तिनं सरळ विचारलं. "बघितलीस का माझी चित्रं?"

"तू बघितलीस का माझी?"

"प्रश्नाला प्रश्न नको."

"मग काय देऊ? मीही आज आमच्या साहेबांपुढे उभा होतो. ते म्हणतात, तुझ्या बायकोनं ढापलं."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणालो, ती ढापणारी नाही." तो थांबला. "पण म्हणताना जरा अडखळलो."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "नवरा-बायकोत कसली चोरी! सांडलं तर घरातच ना!"

"आई, तुम्ही झोपा."

"संध्याकाळचे सहा वाजलेत. झोपू कशी?"

छतं

शनिवारी रंगवालीनं तिकीट काढलं आणि सासूबाईंना घेऊन हायवे ओलांडला. पलीकडच्या पार्कात ती पहिल्यांदाच जात होती. सासूबाई पाच मिनिटांत एका कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तू बघून ये. मी दोन्हीकडची गर्दी बघते, ती फुकट असते."

ती रांगेत शिरली. पुढे एक कुटुंब होतं. बाप आरशात बघून केस सारखे करत होता. आरसा खरा होता, तडा नकली. छान जमला होता. तिनं मनात दाद दिली आणि लगेच परत घेतली.

मग ती धंद्याच्या नजरेनं बघायला लागली.

जमीन अचूक होती. दुसऱ्या पायरीचा डावा कोपरा झिजलेला, कारण लोक कठडा धरून वळायचे. गटाराच्या झाकणापाशी फरशी खचलेली. उंबऱ्याला सायकलच्या चाकाची खाच. यातलं अर्धं तिला आठवतसुद्धा नव्हतं, आणि तिच्या गल्लीत तर त्यातलं काहीच नव्हतं. तिची फरशी सरसकट, सगळीकडे सारखीच जुनी.

तिनं वर पाहिलं.

वर काहीच नव्हतं. म्हणजे छतं होती, पण कॅटलॉगमधली. एकसारखी कौलं, एकसारखा शेवाळी रंग, रोलरनं मारलेला. खाली वीट सरकवून सरळ केलेली पाण्याची टाकी नाही. टायर ठेवून दाबलेले पत्रे नाहीत. कोणाच्या तरी गच्चीवरचा रिकामा पिंजरा नाही. हे सगळं तिच्याकडे होतं, विटेसकट, आणि तिच्या चित्रांत तर तेच सगळ्यात ठळक होतं. चोरणारा माणूस टाकी सोडून पायरी चोरेल? तीही अशी, की जी मूळ मालकाकडेच नाही?

ती तीन वर्षं खिडकीत उभी होती. तो तीन वर्षं खालून ये-जा करत होता.

एवढंच होतं ते तिसरं. तिला हसू आलं. मागची बाई म्हणाली, "ताई, सरका की पुढे."

खाणं

दोन्हीकडे बटाट्याचे तळलेले काप. दोन्हीकडे गार. सासूबाईंच्या मते पलीकडचे जास्त गार.

बसायची सोय

खरं तर हे खाण्याच्या आधी घडलं. पण तुलनाकाकाचा क्रम आपल्याला मोडायचा नाही.

गल्ली शेवटी डावीकडे वळते. तिथवर खिडकीतून दिसायचं, पुढचं नाही. तिच्या 'जुन्या बंदरा'त म्हणूनच वळणापाशी सरळ भिंत घातली होती आणि नावेची राइड तिथे सुरू होत होती. नवऱ्याची गल्ली मात्र वळली.

वळणापलीकडे एक बंद दुकान होतं, शटर खाली ओढलेलं. शटरखाली दगडी कट्टा. कट्टा मधोमध झिजून गुळगुळीत झालेला, एका माणसापुरता. पाठीमागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तेलकट काळपट डाग. असे डाग तिनं कितीतरी काढले होते. एकदा-दोनदा टेकून तो पडत नाही. रोज टेकावं लागतं, आणि बराच वेळ.

ती कट्ट्यावर बसली. तिचं डोकं डागाच्या खाली, वीतभर खाली आलं. कोणाचं बरोबर तिथे येईल, हे तिला मोजून बघायची गरज नव्हती.

घरी आल्यावर तिनं ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं, "तो कट्टा कशाचा?"

नवरा भांडी पुसत होता. "कुठला?"

"वळणापलीकडचा."

त्यानं ताटली पुसली, मग तीच परत पुसली. "मी होतो ते वर्कशॉप बंद पडलं होतं ना, दुसऱ्या वर्षी."

"ते तर तिसऱ्या वर्षी पडलं. तू येऊन सांगितलंस. पेढे... नाही, पेढे नाही, तू केळी आणली होतीस त्या दिवशी. मला कळेना, वाईट बातमीला केळी कशाला."

"सांगितलं तिसऱ्या वर्षी. पडलं दुसऱ्या."

"म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन..."

"डबा खायचो. फेकला नाही कधी."

"आणि तो पगार, तो ओव्हरटाइम?"

"पैसे आईकडून घेत होतो."

आतल्या खोलीत इतकी शांतता पसरली की सासूबाई जाग्या आहेत हे दोघांनाही कळलं.

"मी रोज खिडकीत असायचे," ती म्हणाली. "तू वळणावर दिसलास की चहा टाकायचे. वाटायचं, किती दमून येतो हा. वळणापलीकडे काय आहे, कधी दिसलंच नाही मला."

"म्हणूनच तिथे बसायचो."

तिनं त्याच्या हातातली ताटली काढून घेतली, कारण ती पुसून पुसून आता झिजायला आली होती.

निकाल

सोमवारी तिनं वकिलांना काही सांगितलं नाही. मॅडमना म्हणाली, "तुम्ही माझ्याबरोबर चला. बघितल्याशिवाय पटायचं नाही."

मॅडम गॉगल लावून, सामान्य तिकिटावर पलीकडे आल्या. रंगवालीनं त्यांना आधी वर बघायला लावलं, मग खाली. दोन्ही गल्ल्यांचे फोटो शेजारी शेजारी धरले आणि लग्नानंतरच्या त्या खोलीचं सांगितलं. मॅडम काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या, त्यांच्या लगेच लक्षात आलं. "म्हणजे कोणीच घेतलं नाही. तू वरून, तो खालून." पलीकडच्या साहेबांशी फोन झाला. दोघांनी मिळून जाहीर केलं की दोन्ही कलाकारांची आठवण एक आहे. लोकांना ते फारच आवडलं. दोन्हीकडच्या रांगा वाढल्या.

तुलनाकाकानं निकालाचा व्हिडिओ इथे संपवला. पण त्या दिवशी परतताना मॅडम वळणापाशी थांबल्या होत्या. कट्ट्यावर एक म्हातारा टेकला होता, त्याच्या शेजारी बसायला एक पोरगी जागा शोधत होती.

"हे चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "बसतात लोक. आपल्याकडे का नाही?"

"आमच्या खिडकीतून ते दिसत नव्हतं."

"आता दिसलं ना? घाल. डागासकट."

"नाही, मॅडम."

"काय नाही?"

"गल्ली दोघांची आहे. हा कट्टा त्याचा एकट्याचा. घातला तर ती चोरी होईल, अगदी खरी."

"आणि ते सिद्ध कोण करणार?" मॅडम मऊ हसल्या.

"मी."

मॅडमनी गॉगल काढून तिच्याकडे पाहिलं, आणि परत लावला.

कट्टा झाला नाही. पण महिन्याभरात रंगवालीला गल्लीवरून काढून लहान मुलांच्या विभागात टाकलं. तिथे ती अळंब्यांवर ठिपके काढते. अळंबीत कोणीच राहिलेलं नसतं, त्यामुळे वाद होत नाहीत. पगार तोच, उन्हाचा त्रास जास्त.

एका सुट्टीच्या दिवशी नवरा अलीकडे आला. तिनं त्याला रांगेत न घालता मागच्या दारानं नेलं, जिथे भिंतींच्या पाठी नुसत्या लाकडी फळ्या आणि लोखंडी शिड्या असतात. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीमागे एक माणूस उभा राहील एवढीच फळी होती. तो शिडी चढला. ती खाली शिडी धरून उभी राहिली.

तो खिडकीतून बाहेर वाकला.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"टाकी," तो म्हणाला. "विटेवरची. टायर. पिंजरासुद्धा ठेवलायस?" मग जरा थांबून, "वळण किती जवळ आहे गं इथून. मला वाटायचं लांब आहे."

"उतर आता. शिडी हलतेय."

"तू हलवतेयस."

"हो," ती म्हणाली, आणि शिडी घट्ट धरली.