पुरावा क्रमांक नऊ

मिस्त्रींच्या घरी जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी पितळी झडप आहे, मुठीत मावेन एवढी. जुळ्यांतल्या धाकटीला श्वास पुरत नव्हता. दवाखान्यातल्या यंत्राने दिलेली हवा उलटी फिरायची. मिस्त्रींनी मला घडवलं आणि माझ्या पोटात एकाऐवजी दोन पातळ पाकळ्या वितळलेल्या कथलाचा डाग देऊन बसवल्या. हवेची परत फिरायची हिंमत झाली नाही. मुलगी जगली.

त्याच वॉर्डात मी सोळा वर्षं राबले. मग नवी यंत्रं आली आणि मी मिस्त्रींच्या खिळ्यांच्या डब्यात पडले. मुली मोठ्या झाल्या. त्या माझ्यासारख्या झडपा करून लहान दवाखान्यांना देऊ लागल्या. तेवढ्यात एका बड्या कंपनीची नोटीस आली: दोन पाकळ्या हा आमचा शोध, पेटंट आमचं, वर्कशॉप बंद करा.

तेव्हा मुलींची बाजू लढवायला वकीलबाई आल्या. बोलताना त्यांना धाप लागायची. तीस वर्षं त्या कॉम्प्युटरच्या चिपांच्या, औषधांच्या, इंजिनांच्या पेटंटचे खटले लढत होत्या. त्याआधी कारखान्यात इंजिनियर होत्या, म्हणून त्यांनी मला आधी कानाशी धरून हलवलं.

"ही पेटंटच्या आधीची ठरली, तर कंपनीचा शोध उरतच नाही," त्या म्हणाल्या. वॉर्डाच्या जुन्या वहीत तारखेसकट माझा फोटोही सापडला.

पण घात घरातच झाला. मिस्त्रींच्या बायकोने मला राखेने घासायला घेतलं.

"असं मळकं ध्यान कोर्टात नेणार?"

"वहिनी, थांबा. हा मळ आपला साक्षीदार आहे," वकीलबाई धावल्या. तोवर माझी एक बाजू लख्ख झाली होती.

माझ्या अंगावर पहिल्यांदा अक्षरं चढली ती उतारवयात: पुरावा क्रमांक नऊ. मी ती ताठ मानेने मिरवली. समोरचे वकील माझी लख्ख बाजू दाखवून हसले. "फोटोत फक्त बाहेरचं पितळ दिसतं. आतल्या पाकळ्या कालपरवा घातल्या असतील."

उपाय एकच होता. मला कापायचं. आतला डाग जुना निघाला तर जिंकलो, नाहीतर दुसरा पुरावा नव्हता.

"मिस्त्री, आत काय आहे ते नक्की आठवतंय ना?"

"आठवायचं कशाला, बाई? मीच ठेवलंय. कापा."

मी घाबरले नाही. करवत फिरली, मी किंचाळले, पण वाकले नाही. डागावर सोळा वर्षांच्या वाफेचा हिरवा थर होता. पाकळ्या त्या थराखाली घट्ट बसलेल्या होत्या. समोरच्या वकिलांनी भिंग मागितलं, बराच वेळ पाहिलं आणि खाली बसले.

पेटंट रद्द झालं. कंपनी अपिलात गेली, तिथेही हरली. वर्कशॉप चालू आहे.

मित्रांनो, मी पुन्हा कधी हवा अडवणार नाही. माझी कीव करू नका. तुम्ही हातांनी काही घडवलंत, तर त्यावर तारीख घाला आणि ते जपून ठेवा. ते तुमचं नाही असं कुणी म्हणालं, तर मान खाली घालू नका.

अपिलाचा निकाल लागल्यावर नवव्या दिवशी, सोमवारी सकाळी, वकीलबाई फुप्फुसाच्या आजाराने वारल्या. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या.