पळीचा टकोरा

"पहले वाले डॉक्टर साहब ने क्या कहा?" मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

प्रमोदिनीनं मांडीवरची कापडी पिशवी आणखी घट्ट धरली. "ते नाही सांगायचं," ती म्हणाली.

शेजारी बसलेल्या बकुळनं कपाळाला हात लावला. "आई, ये कोई बात हुई? इतक्या लांब आलोय, तर रिपोर्ट दे ना त्यांना."

पिशवीत कागद होते. घराजवळच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासला होता, कॅन्सर निघाला होता, आणि डावा स्तन पुढच्या मंगळवारी पूर्ण काढू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. माणूस भला होता. तरी एकदा दुसरीकडे दाखवायचं, हे घरात न बोलताच ठरलं. प्रमोदिनीचे यजमान विश्वेश्वर गुरुजी यांची रामघाटावर वेदपाठशाळा. तिथे आपल्या शिष्याला आपणच उत्तीर्ण करायची रीत नाही. दुसऱ्या घरचे वैदिक येतात, शिष्याकडे पाठ करून बसतात आणि नुसतं ऐकतात; म्हणणं बिनचूक असेल तर शेवटी 'शुद्ध आहे' एवढंच म्हणतात. आधी कोणी काय मत दिलं, ते त्यांच्या कानावर घालायचं नाही, हा कडक नियम. एकदा ऐकलं की कान बाटतो, असं गुरुजी म्हणत.

प्रमोदिनीनं तीस वर्षं त्या पाठशाळेचा स्वयंपाक केला. स्वतः कधी एक ऋचा म्हटली नाही, कोणी म्हण म्हटलंही नाही. पण तीस वर्षांत भिंतीसुद्धा शहाण्या होतात, ती तर हाडामांसाची बाई. वरण ढवळताना कोणाचं पद सुटलं, की तिच्या पळीचा टकोरा पातेल्यावर पडे आणि म्हणणारा मुकाट मागे जाई. गुरुजींनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि तिला थांबवलंही नाही.

बकुळनं हे सगळं कसंबसं समजावलं. बाई आता चिडणार, असं तिला वाटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"माताजी ठीक कहती हैं. उनकी राय थैली में रहने दीजिए. लेकिन मूल तो मुझे देना पड़ेगा. शीशे वाली स्लाइड."

हे प्रमोदिनीला लगेच पटलं. मूळच दिलं नाही तर ऐकणाऱ्यानं ऐकायचं काय? तिनं रुमालात गुंडाळलेल्या काचपट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला प्रयोगशाळेत नेलं आणि दोघींना एकदम पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. प्रमोदिनीनं डोळा लावला. गुलाबी रानात जांभळे ठिपके, हजारो, एकेक रेखून काढल्यासारखा. एका बाजूला ते गोल करून शिस्तीत बसले होते, जेवायला बसलेल्या पंगतीसारखे. दुसऱ्या बाजूला पंगत मोडली होती. सगळे उठून एकमेकांच्या अंगावर चालले होते.

"हे माझ्यातलं?"

"आपका ही है. यहाँ लाइन टूटी है, यही बीमारी है."

घाबरायचं तिला सुचलंच नाही. छप्पन्न वर्षं हे एवढं सगळं आपल्या आत नांदत होतं, आणि आपण पोळ्या लाटत होतो. तिनं नकळत हात जोडले.

मग बाईंनी पिशवीतला कागद मागून वाचला. "निदान वही है. पूरा निकालना भी ग़लत नहीं. पर गाँठ छोटी है. सिर्फ गाँठ निकालकर पाँच हफ़्ते रेडिएशन की सिकाई भी हो सकती है. रोज़ मशीन के नीचे आना पड़ेगा. आपकी हालत में उम्र दोनों से उतनी ही मिलेगी. आप क्या चाहती हैं?"

असा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "अहो, काय करू?"

गुरुजी उठले, आपलं आसन उचललं, फिरवून मांडलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले. बाहेरून आलेले वैदिक बसतात तसे.

"म्हण," ते म्हणाले. "मी ऐकतोय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला छाती ठेवायचीये," ती म्हणाली. "या वयात काय करायचीये, असं म्हणतील लोक. म्हणू देत. माझी आहे. पाच आठवडे रोज जाईन मी. पोरांच्या जेवणाचं तुम्ही बघा."

"शुद्ध आहे," गुरुजी म्हणाले. मागे वळून मात्र लगेच पाहिलं नाही त्यांनी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ते तिच्या खाटेपाशी स्टुलावर बसून हलक्या आवाजात ऋचा म्हणत होते. डोळे मिटलेले. अर्ध्यावर त्यांचं एक पद सुटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांना ते कळलंही नाही.

प्रमोदिनीनं हात लांबवून चमचा घेतला आणि उशाशी ठेवलेल्या रिकाम्या पेल्यावर एक टकोरा दिला.

गुरुजी थांबले. मागे गेले, सुटलेलं पद उचललं आणि पुढे म्हणू लागले.