खुर्ची, डबा आणि कुलूप

बुधवारी संध्याकाळी लंबूने बाल्कनीचं दार ओढून घेतलं आणि वाळत घातलेल्या चादरीमागे स्टूल ठेवलं.

"अहो, एवढे लपताय कुणापासून?" बायकोने आतून विचारलं.

"कंपनीपासून."

"कंपनीनेच तर सुरू केलंय ना हे?"

"म्हणूनच."

लंबू लिफ्ट दुरुस्त करायचा. काही महिन्यांपूर्वी एका जुन्या इमारतीत तो लिफ्टच्या छतावर उभा असताना ब्रेक सुटला आणि लिफ्ट वीतभर घसरली. वीतभरच. कुणाला खरचटलंही नाही. कंपनीने ब्रेक बदलला आणि विषय संपला. लंबूचा मात्र संपला नाही. छतावर पाय ठेवला की त्याची बोटं बधिर व्हायची. पाना हातात आहे की नाही, हे त्याला बघून ठरवावं लागायचं.

हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी त्याला गोदामात बसवलं असतं. लिफ्टच्या पोकळीत उभं राहून नुसत्या आवाजावरून कुठली पुली कुरकुरतेय ते ओळखणाऱ्या माणसाने खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसायचं, हे त्याला मान्यच नव्हतं.

तेवढ्यात कंपनीने ही ऑनलाइन बैठक सुरू केली. कामाचा ताण येतो, मन घट्ट कसं ठेवायचं, याविषयी एक मॅडम बोलणार. कॅमेरा बंद, खरं नाव नाही, आवाजसुद्धा बदलून ऐकू येणार. इतर कंपन्यांची माणसंही असणार. एवढी काळजी कंपनी कशी काय घेते, हेच लंबूला खटकलं. सुट्या भागांच्या खिडकीवरचा एकजण या बैठकीला बसायला लागला आणि पुढच्याच महिन्यात त्याची गोदामात बदली झाली. त्याने ती स्वतः मागून घेतली, असंही कुणी म्हणत होतं. पण गोदाम कोण मागून घेतं?

बायकोच्या हट्टापायी तो बसला. टोपणनाव विचारलं तेव्हा समोर खुर्ची होती, म्हणून त्याने 'खुर्ची' लिहिलं.

"खुर्ची, तुम्ही काय काम करता?" मॅडमनी विचारलं.

"शिंपी आहे."

"आणि भीती कशाची वाटते?"

लंबू गडबडला. "सुईची."

कुणीतरी हसलं. बैठकीत आणखी काहीजण होते. एक 'डबा' होता, तो म्हणाला की आपण बेकरीत असतो. एक 'कुलूप' होतं, ते काही बोललंच नाही. नुसतं नाव दिसत होतं.

मग मॅडमनी श्वासाचा व्यायाम घेतला. "श्वास आत घ्या."

"श्वास आत," डबा म्हणाला.

"आता थांबा."

"थांबलो," डबा म्हणाला. आणि त्याच क्षणी लंबूच्याही तोंडून निघून गेलं, "थांबलो."

बाकी कुणीच बोललं नव्हतं. बोलायचं कारणच नव्हतं. लंबूने पटकन माइक बंद केला.

ही खोड लिफ्टवाल्यांची. जुन्या लिफ्टमध्ये एक माणूस छतावर असतो, दुसरा वर मशीनखोलीत. छतावरचा ओरडतो, "खाली." वरचा तोच शब्द परत म्हणतो, आणि मगच खटक्याला हात लावतो. शब्द परत आला नाही तर काहीही हलवायचं नाही. वर्षानुवर्षं हे केलं की माणूस घरीसुद्धा तसाच वागतो. लंबूची बायको "मीठ द्या" म्हणाली की तो आधी "मीठ" म्हणतो, मग देतो.

म्हणजे डबा बेकरीत नव्हता. आणि जुन्या लिफ्टचं काम आता फक्त त्यांचीच कंपनी घ्यायची; तिथे हे करणारं दुसरं होतं कोण? एकच माणूस. त्याचा जोडीदार, काका.

काका साहेबांच्या मर्जीतले. त्यांना ताण कसला? साहेबांनीच बसवलं असणार त्यांना, कोण कुठे कच्चा आहे ते हुडकायला. रात्री लंबूला हेच दिसत राहिलं: काका साहेबांच्या टेबलाशी वाकलेत आणि हळूच म्हणताहेत, खुर्ची म्हणजे आपला लंबू.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना काकांनी विचारलं, "लंब्या, पँटची शिवण उसवलीय. ओळखीत कुणी शिंपी आहे का रे?"

लंबूने कप खाली ठेवला. "नाही. का?"

"का म्हणजे? उसवलीय म्हणून."

"पाव मात्र चांगला मिळतो आमच्याकडे," लंबू त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाला. "बेकरी आहे."

काकांनी मान वळवली आणि ते चहा फुंकायला लागले. चहा केव्हाच गार झाला होता.

त्या दिवसापासून लंबू त्यांच्या प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवायला लागला. काका फोन घेऊन बाजूला गेले, की तो साहेबांचाच. "झोप झाली का रे?" विचारलं, की ती उलटतपासणीच. शिवाय मशीनखोलीतून त्यांचा शब्द हल्ली उशिरा परत यायचा. आपण गडबडतो का ते बघायला मुद्दामच उशीर करतात, असं त्याने ठरवून टाकलं.

पुढच्या बुधवारी डबा आपणहून बोलला.

"आमच्याकडे मोठी भट्टी आहे. साफ करायला एकजण आत उतरतो. बाहेर खटक्यापाशी मी असतो. मध्यंतरी जरासं काहीतरी झालं. चूक कुणाचीच नव्हती. पण तेव्हापासून खटक्याला हात लावायचा म्हटलं की हात उचलतच नाही. आत माझ्या पोरासारखा माणूस असतो."

"त्यांना सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"कसं सांगू? त्याने मला बाजूला करायला सांगितलं तर? शिवाय तो कुणाला जाऊन सांगेल, काय भरवसा?"

लंबू चादरीमागे ताठ झाला. गळ टाकलाय, त्याला वाटलं. आपण आता विरघळायचं, खरं बोलायचं, आणि सोमवारपासून खोकी. त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं.

पण ते 'पोरासारखा' काही डोक्यातून जाईना.

सोमवारी काम त्याच जुन्या इमारतीत निघालं. लंबू लिफ्टच्या छतावर उतरला. वर अंधारात दोर लटकत होते आणि त्यांच्या टोकाला मशीनखोलीतला पिवळा उजेड. बोटं बधिर झालीच.

"खाली," तो ओरडला.

काही आलं नाही.

"काका, खाली!"

वरून फक्त पंख्याची घरघर. लंबूने लाल खटका दाबून लिफ्ट अडकवून ठेवली. हा डाव असेल तर आता बोलणं म्हणजे स्वतःच्या हाताने गोदामाचं दार उघडणं. आणि डाव नसेल, तर वर एक म्हातारा माणूस खटक्यापाशी गोठून उभा होता.

तो वरच्या पिवळ्या उजेडाकडे वळला. मग म्हणाला, "काका, श्वास आत घ्या."

पंखा घरघरत राहिला. मग अगदी बारीक आवाज आला, "श्वास आत."

"थांबा."

"थांबलो."

"सोडा."

"सोडला." मग काका म्हणाले, "शिंप्या, वर ये."

मशीनखोलीच्या पायरीवर दोघं बसले. काकांनी उजवा हात पुढे केला, "हा खटक्यापाशी उचलतच नाही." लंबूने आपली बोटं त्यांच्यासमोर धरली. "मला ही जाणवतच नाहीत."

"मला वाटलं, तुला साहेबांनी बसवलंय," काका म्हणाले. "शिंपी म्हणे! सुईला घाबरणारा शिंपी पाहिलाय का कुणी?"

"आणि तुम्ही शिंप्याची चौकशी का केलीत?"

"बघत होतो, चेहरा पडतो का."

"पडला?"

"धाडकन."

दोघंही हसले, पण हळू, जणू खाली कुणी ऐकत होतं. मग काकांनी फोन काढला.

"साहेबांना?" लंबूने त्यांचा हात धरला. "गोदामात पाठवतील."

"पाठवू देत. तू आत असताना मी असा उभा राहणार नाही."

काकांनी फोन लावला. काही दिवस खटक्यापाशी तिसरा माणूस हवा, आम्हा दोघांनाही हे काम सध्या झेपत नाही, एवढंच म्हणाले. पलीकडून साहेब म्हणाले, "तिसरा माणूस. पाठवतो." आणि फोन ठेवला.

"का हवा, ते विचारलंच नाही," लंबू म्हणाला.

"नाही विचारलं."

"आणि आधी शब्द परत म्हणाले."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. साहेब खुर्चीत बसायच्या आधी कित्येक वर्षं लिफ्टच्या छतावर उभे असायचे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"लंब्या," काका हळूच म्हणाले, "ते कुलूप कोण आहे रे?"