पारियानची सरकती खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे, पण स्वस्थ बसेन तर शपथ! फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या पारियान मोहल्ल्यात, मानांग यूफ्रासियाच्या पाव-भट्टीच्या माडीवर माझं घर. मानांग म्हणजे ताई. काचेऐवजी मला पातळ शिंपल्या लावल्यात. मी उघडत नाही, सरकते. सकाळी डावीकडे, दुपारी उजवीकडे आणि खाली भांडण लागलं की धाडकन! खोबणीत मेण चोळलं की मी नुसती पळते.

सणाला सान रोके संतांचा रथ माझ्याखाली थांबतो आणि मानांग वरून मोगऱ्याचा हार सोडते. संतांच्या मूर्तीच्या पायाशी लाकडी कुत्रा आहे, तोंडात पाव धरलेला; संत आजारी असताना तोच त्यांना पाव आणून देई म्हणे. यंदा मला मेण लावताना मानांग स्टुलावरून पडली. पाय प्लास्टरमध्ये गेला. "पाय बरा कर, हार मीच घालीन," असा नवस तिनं बोलून ठेवला.

ती झोपून असताना वारसा जपणारे एक साहेब आले. त्यांनी मला वार्निशनं न्हाऊ घातलं, खाली रस्त्यावर पुढे आलेली एक लांब पाटी ठोकली: 'जुना ठेवा. हात लावू नये.' वार्निश वाळलं आणि मी जागीच चिकटले. तळमळ नुसती!

सणाची दुपार. रथाला वाट करून देणारा लुसियो पुढे चालत, बांबूनं विजेच्या तारा उचलत आला. तारांच्या नादात पाटीकडे लक्षच नाही. संतांच्या डोक्यामागचं पितळी तेजोवलय पाटीत अडकलं. मागचा बँड रथावर आदळला.

"थांबा रे, देव अडकला!" लुसियो ओरडला. "साहेब, पाटी काढा!"

"पाटीला हात लावू नये," पाटीखालीच उभे असलेले साहेब म्हणाले, "असं पाटीवरच लिहिलंय."

"मानांग, खिडकी उघड, वरून सोडव!"

"उघडू कशी? या बाबानं जपून जपून तिचा दगड केलाय!" लंगडत आलेल्या मानांगनं पायातली चप्पल काढली. "सरक गं बाई!" फटाफट!

दोन शिंपल्या निखळल्या, एक थेट ट्रम्पेटमध्ये. पण मी सरकले! मानांगनं वाकून वलय सोडवलं. त्या धक्क्यानं पाटी निखळून साहेबांच्या पायावर पडली. आणि गडबडीत तिच्या हातातला हार पडला कुत्र्याच्या गळ्यात.

"मानांग, हार कुत्र्याला गेला! नवसाचं काय?" लुसियोनं खालून विचारलं.

"पाव पोचवतो ना तो संतांना? मग माझ्याच धंद्यातला आहे. घालू दे त्याला!"

रथ हलला. साहेब वार्निशचा डबा घेऊन पुन्हा वर यायला निघाले, तर मानांग दारात चप्पल घेऊन बसलेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण मला नुसतं बघू नका, ढकला. थोडं मेण तेवढं लावा. स्टूल मात्र कुणीतरी धरा.