भाऊजींचा पालथा ड्रोन

आमचे मोठे दीर कॉलेजात ड्रोन शिकवतात, दोन वर्षं झाली. ड्रोन हातात मात्र त्यांनी पहिल्यांदा धरला तो गेल्या महिन्यात. प्राचार्यबाईंनी सांगितलं की फळ्यावरचा ड्रोन पुष्कळ झाला, शनिवारी मैदानावर उडवून दाखवा, मग वर्कशॉपला मंजुरी देते. भाऊजींनी सुटे भाग मागवले आणि घरातलं जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. आम्ही आठ दिवस मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

माझा त्यात जीव अडकला होता, पण टेबलासाठी नव्हे. त्या वर्कशॉपमध्ये तंत्रज्ञाची एक जागा निघणार होती आणि मी अर्ज तयार ठेवला होता. अकरा वर्षं मी पत्र्याच्या शेडमध्ये बसून जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग करते, पंपांच्या, पंख्यांच्या. संध्याकाळी पाणी प्यायलं तरी वार्निशची चव लागते. मला तिथून सुटायचं होतं. ड्रोन उडाला तर वर्कशॉप, आणि वर्कशॉप झालं तर जागा. भाऊजी मला लाडाने 'मिस्त्रीण' म्हणतात. 'लाडाने' हा त्यांचा शब्द.

भाऊजींचं काम देखणं, हे कबूल केलं पाहिजे. चार दांड्या, चार मोटारी, प्रत्येक मोटारीला तीन तारा: लाल, पिवळी, काळी. दांडीतून येणाऱ्या ताराही त्याच तीन रंगांच्या. तारांच्या टोकांना पितळी पिना, ओढल्या की निघतात, दाबल्या की बसतात. भाऊजींनी लालला लाल, पिवळीला पिवळी, काळीला काळी अशी चारही मोटारींची जोडणी केली, वर काळी टेप गुंडाळली आणि फोटो काढून विद्यार्थ्यांना पाठवला. बॅटरी पेट घेते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून ती माझ्या मोठ्या पातेल्यात ठेवून, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा चढवून, दाराआडून चार्ज करायचे.

पहिलं उड्डाण गच्चीवर झालं. उड्डाण म्हणायचं ते भाऊजींच्या मनाला बरं वाटावं म्हणून. ड्रोन खवळल्यासारखा ओरडला, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि पालथा पडला. दुसऱ्यांदाही तेच झालं आणि तिसऱ्यांदा एक पातं मोडलं. भाऊजींनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग बॅटरीला, मग भाग विकणाऱ्याला. शेवटी आमच्या ह्यांना म्हणाले, "तू मधे उभा राहू नकोस, सिग्नल अडतो."

मोडलेलं पातं बदलल्यावर मी ड्रोन दोन विटांखाली दाबून धरायला लावला आणि वर्तमानपत्राची पट्टी एकेका पात्याजवळ नेली. दोन ठिकाणी पट्टी खाली वाकली, दोन ठिकाणी वर उडाली.

"भाऊजी, चारही मोटारी एकाच बाजूला फिरताहेत. पाती तुम्ही बरोबर बसवलीत, दोन सुलटी, दोन उलटी. पण मोटारी तशा फिरत नाहीत, म्हणून दोन पाती ड्रोनला उचलतात आणि दोन खाली दाबतात."

"रंगाला रंग जोडलाय मी."

"तिथेच घोळ झालाय. तीनमधल्या दोन तारांची अदलाबदल केली की मोटार उलटी फिरते. पंपाला मी रोज करते."

भाऊजी हसले. वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला की हसत असतील, तसं. "पंप विहिरीत बसतो, मिस्त्रीण. हा आकाशात जातो. दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे."

स्वयंपाकघरात हे मला म्हणाले, "जाऊ दे ना. मोठ्या भावाचा पाणउतारा कशाला?"

"तो शनिवारी मैदानावर होणारच आहे, सगळ्या कॉलेजसमोर," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी भाऊजींनी सॉफ्टवेअर पुसून नव्याने घातलं आणि ते आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ म्हणजे पाऊण तास. मी समोरासमोरच्या दोन मोटारींची टेप सोडली, तारा बदलल्या, टेप होती तशी गुंडाळली. दहा मिनिटंही लागली नाहीत. भाऊजी खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि बटण दाबलं. ड्रोन डोक्याएवढा वर गेला आणि तिथेच थांबला.

"सॉफ्टवेअर," भाऊजी म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

मला आनंद झाला आणि रागही आला. मी गप्प बसले, कारण मला जागा हवी होती.

शनिवारी टाळ्या पडल्या आणि वर्कशॉप मंजूर झालं. भाऊजींनी विद्यार्थ्यांच्या नोट्समध्ये एक परिच्छेद वाढवला: ड्रोन पालथा पडत असल्यास सॉफ्टवेअर नव्याने घालावे.

पंधरा दिवसांनी मुलाखत झाली. नात्यातलं माणूस समितीवर नसावं असा नियम आहे म्हणे. भाऊजींनी आपण तटस्थ असल्याचं स्वतःच लिहून दिलं होतं. टेबलापलीकडे प्राचार्यबाई, शेजारी भाऊजी, मधे तोच ड्रोन. घरात मला अगं-तुगं करणारा माणूस म्हणाला, "तुम्ही सांगा, ड्रोन गिरकी घेऊन पालथा पडतोय. काय कराल?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते माझी परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"मोटारी कुठल्या बाजूला फिरतात ते बघेन, सर. चुकीच्या बाजूला फिरणाऱ्या मोटारींच्या दोन-दोन तारा बदलेन."

भाऊजींनी मान हलवली आणि कागदावर शून्य काढलं. मला समोरून दिसेल एवढं मोठं. "उत्तर सॉफ्टवेअर असं आहे," ते प्राचार्यबाईंना म्हणाले. "अनुभवाचा फरक पडतो."

हे घरी काय म्हणतील ते म्हणोत. मी उठले, ड्रोन जवळ ओढला, दोन मोटारींची टेप सोडली आणि तारा रंगाला रंग जोडून ठेवल्या, भाऊजींनी जोडल्या होत्या तशा. "आता उडवा, सर."

बाहेर व्हरांड्यात ड्रोन पालथा पडला. भाऊजींनी लॅपटॉप आणून सॉफ्टवेअर नव्याने घातलं. ड्रोन पुन्हा पालथा पडला. त्यांनी आणखी एकदा घातलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि वारा अजिबात नव्हता. प्राचार्यबाईंनी त्यांच्या हातातला गुणांचा कागद काढून घेतला, शून्यावर काट मारली आणि स्वतःच्या पेनने काहीतरी लिहून सही केली.

भाऊजी ड्रोनजवळ उकिडवे बसले. एका मोटारीच्या तिन्ही तारा त्यांनी बोटांनी वेगळ्या केल्या. मग वर न बघता, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कुठल्या दोन?"

"कुठल्याही," मी म्हटलं.