न शिकवलेल्या कामाचा दाखला

नेकनूरजवळच्या माळावर शेतीच्या मोटारींना वीज देणारा सोलरचा प्रकल्प येणार म्हणून गावात मीटिंग झाली. पैसा देणाऱ्या संस्थेची अट आहे, तांत्रिक कामावर तिघांत एक तरी बाई पाहिजे, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं. संगीता बारावी झालेली, पण रोज त्याच माळावर मेंढरं वळायची. तिनं तिथल्या तिथं नाव दिलं. नवरा भागवत म्हणाला, मेंढरं मी बघतो, तू जा.

बीडला तीन महिने शिकवणी झाली. वर्गात काही पोरं आणि दहा बायका होत्या. त्यांत बीडचीच हाफिजा, मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या मुबीन मिस्त्रीची मुलगी, तिच्याशी संगीताचं जमलं. मीटर कसा धरायचा, कोणत्या कामाला कोणते हातमोजे, हे दोघींना कळू लागलं. शिकवणारे सर एक गोष्ट रोज सांगायचे. पॅनेलचा करंट माणसाला झटकून टाकत नाही, धरून ठेवतो. म्हणून सहा महिने जाणत्या माणसाशेजारी उभं राहून काम करा, मगच एकट्यानं तारांची पेटी उघडा.

प्रकल्प सुरू झाल्यावर या दोघींना कामावर घेतलं. त्याच वर्गात शिकलेल्या हरिओमलाही घेतलं. सुपरवायझर बंकट हरिओमला घेऊन इन्व्हर्टरच्या खोलीत गेला आणि या दोघींच्या हातात बादली अन् फडकं देऊन गेला. पॅनेल धुवायचे, खालचं गवत काढायचं. आठवडाभरानं संगीतानं विचारलं, आमचं खरं काम कधी सुरू होणार? बंकट तसा वाईट बोलणारा नव्हता. ताई, तुम्हाला काही झालं तर तुमच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू, असं म्हणाला. हरिओमच्या घरच्यांना काय तोंड दाखवाल, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचा तिला पुढं बरेच दिवस स्वतःचाच राग येत राहिला.

असे सहा महिने गेले.

मग कळलं की संस्थेचे लोक पाहणीला येणार आहेत. आदल्या दिवशी दुपारी बंकटनं दोघींना ऑफिसात बोलावलं. टेबलावर कोरी हेल्मेटं, केशरी जाकिटं आणि दोन दाखले होते. दाखल्यावर लिहिलं होतं, सदर महिलेनं सहा महिने दुरुस्तीचं काम स्वतंत्रपणे केलं आहे. खाली त्या महिलेच्या सहीची जागा. उद्या हेल्मेट घालून इन्व्हर्टरपाशी उभं राहायचं, विचारलं तर सगळं येतं म्हणायचं.

हाफिजानं सही केली. तिला संभाजीनगरला नोकरी बघायची होती आणि असा कागद पुन्हा मिळाला नसता. संगीतानं कागद दोनदा वाचला आणि परत सरकवला.

"सही करत न्हाई मी."

"ताई, तुमच्याच फायद्याचं हाय," बंकट म्हणाला. "ह्या कागदावर कुठंबी काम लागंल."

"लागंल की. तिथं पहिल्याच दिवशी कुणी म्हनलं, बाई, ही पेटी उघडा, तर मी हात घालायचा का? मला त्यातलं काय येतं, सांगा बरं."

बंकटनं तिचा कागद खणात टाकला. उद्या तुम्ही घरीच थांबा, सुट्टी समजा, एवढं तो म्हणाला.

घरी तिनं सासूला सगळं सांगितलं. सत्यभामा भाकरी थापत होती. हातचं काम न थांबवता तिनं एक जुनी गोष्ट काढली. पंधरा वर्षांपूर्वी बचत गटाचा कागद म्हणून कुणीतरी तिचा अंगठा घेतला होता. दोन वर्षांनी कळलं की ती गटाची अध्यक्ष आहे आणि तिच्या नावावर शिलाई मशिनी येऊन गेल्यात. एकही तिनं पाहिली नव्हती.

"लोक मलाच इचारायचे, मशिनी कुठं गेल्या म्हनून," सत्यभामा म्हणाली. "तू उंद्या जा. सुट्टी त्यानं दिली, तू घेतली न्हाईस."

संगीता गेली. रोजचीच साडी, कमरेला पदर खोचलेला. फाटकातून आत येणारा रस्ता पॅनेलच्या पहिल्या रांगेला लागूनच होता. ती तिथंच धुवायला लागली. दहाच्या सुमारास दोन गाड्या आल्या. बंकट पुढं धावला, पण गाडीतून उतरलेल्या वयस्कर साहेबांची नजर आधी तिच्यावरच पडली. त्यांनी नाव विचारलं, हातातली यादी पाहिली आणि म्हणाले, यात तर तुम्ही टेक्निशियन आहात.

बंकट म्हणाला की ताई आज हौसेनं सफाईला आल्या आहेत, एरवी खोलीत असतात. साहेब हसले आणि म्हणाले, मग चला, एक पेटी उघडून दाखवा.

सगळे तिच्याकडं बघू लागले. तिनं फडकं पिळून पॅनेलच्या कडेवर ठेवलं.

"मला उघडता येत न्हाई, साहेब. शिकवलंच न्हाई. सहा महिन्यांत त्या खोलीचा उंबरा वलांडू दिला न्हाई. तुमच्या कागदावर मला येतं म्हनून लिवलंय, ते खोडा. येत न्हाई, असं लिवा. अन् कावून येत न्हाई, तेबी लिवा."

मला न येणं ही माझी लाज नाही, ज्यांनी शिकवलं नाही त्यांची आहे, असंही तिनं सांगितलं.

हाफिजा इन्व्हर्टरच्या दारात हेल्मेट घालून उभी होती. ती चालत आली, हेल्मेट काढून काखेत धरलं आणि संगीताच्या शेजारी उभी राहिली.

"माझी सही हाय कागदावर," ती म्हणाली. "तीबी खोटीच हाय." साहेबांनी दोघींचं म्हणणं यादीवर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या माणसानं दोघींना आत सोडलं नाही. वरून सांगितलंय, म्हणाला. दोघी फाटकासमोर कडुलिंबाखाली बसल्या. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या चार बायका बीडहून रिक्षा करून आल्या आणि त्याही बसल्या. सत्यभामा मेंढरांमागच्या भागवतला भाकरी द्यायला तिथूनच जायची, दुपारी यांनाही देऊन पुढं जायची. गावातले काही जण म्हणाले, मिळालेलं काम घालवलं. संगीता त्यांना एवढंच विचारायची, कोणतं काम?

अकराव्या दिवशी बंकट स्वतः फाटकावर आला. संस्थेचं पत्र आलं होतं. जुने दाखले रद्द झाले होते, दोघींना पुन्हा सहा महिने, यावेळी खोलीत, शिकवणाऱ्या इंजिनिअरच्या हाताखाली काम द्यायचं होतं. पत्र संगीताच्या हातात देताना त्यानं मान वर केली नाही. पुढं कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

पहिली पेटी उघडली तेव्हा तिच्या हातमोज्यांत घाम साठला होता. इंजिनिअर शेजारी उभा होता. मीटरवर आकडा आला आणि तिनं तो मोठ्यानं वाचला, गरज नसताना.

सहा महिने पुरे झाले तेव्हा रब्बीच्या पाण्याचे दिवस होते. खोलीतला फोन वाजला. पलीकडं नेकनूरकडचा एक शेतकरी होता, मोटार बंद पडली म्हणत होता. बाईचा आवाज ऐकून तो अडखळला.

"तिथं कुणी माणूस हाय का? माणसाला फोन द्या."

"माणूसच बोलतंय," संगीता म्हणाली. "लाईट कुठल्या फिडरला, कुठल्या लाईनीला न्हाई, ते सांगा."

मग त्यानं फिडरचं नाव सांगितलं, आणि तिनं हातमोजे घेतले.